बोटाला शाई लागण्याआधीची कामं

निवडणूक जाहीर झाली की मुंबईत 'मतदान अवश्य करा'चे फलक लागतात, शाळकरी मुलांच्या प्रभातफेऱ्या निघतात, नटनट्या शाई लावलेलं बोट दाखवत फोटो टाकतात. मग टक्केवारी येते आणि 'मुंबईकर सुट्टी साधून बाहेरगावी पळाला' अशी टीका सुरू होते. १५ जानेवारी २०२६ ला महापालिकेसाठी जवळपास ५३ टक्के मतदान झालं. २०१७ मध्ये ते साडेपंचावन्नच्या आसपास होतं, २०१२ मध्ये पंचेचाळीसच्या घरात. आकडे खरे आहेत, पण त्यावरून मुंबईकराला आळशी ठरवणं मला पटत नाही. मतदानाच्या दिवशी केंद्रावर न दिसलेला माणूस बऱ्याचदा त्याच्या कितीतरी आधी गळलेला असतो. कुणाचं नाव यादीत नसतं, कुणाला आपण नेमकं कोणत्या पदासाठी मत देतोय हे कळलेलं नसतं, कुणाच्या हातात उमेदवाराच्या गुळगुळीत पत्रकापलीकडे काहीच आलेलं नसतं.

ही गळती थांबवायचं काम सरकारी फलकांनी होत नाही. ते गल्लीतच करावं लागतं. चाळ कमिटी, सोसायटी, महिला मंडळ, बचत गट, गणेशोत्सव मंडळ, कुणीही ते करू शकतं, तेही कोणत्याही पक्षाचा झेंडा हाती न घेता. मुलुंडमध्ये आमच्या भागातले काहीजण मिळून आम्ही ते करतो. ते कसं चालतं, त्यामागचे नियम काय, कुठे पाय घसरतो, हे सांगण्यासाठी हा लेख.

सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात मोलाचं: यादी

आधी एक गुंता सोडवू. आपल्याकडे निवडणूक आयोग दोन आहेत. लोकसभा आणि विधानसभा भारत निवडणूक आयोग घेतो. महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. मात्र राज्य आयोग स्वतःची वेगळी मतदार यादी बनवत नाही. विधानसभेची जी यादी असते, तीच एका ठरावीक तारखेची घेऊन प्रभागांप्रमाणे फोडली जाते. महापालिकेच्या ताज्या निवडणुकीसाठी ही तारीख १ जुलै २०२५ होती. म्हणजे ज्या मुलीने ऑगस्टमध्ये नाव नोंदवलं, ओळखपत्रही घरी आलं, तिला जानेवारीत मत देता येणार नव्हतं. 'माझ्याकडे कार्ड आहे, मग मत का नाही?' हा प्रश्न केंद्राबाहेर दर वेळी ऐकू येतो. उत्तर एवढंच की कार्ड ही ओळख आहे, हक्क यादीतल्या नावाने मिळतो. नाव असेल आणि कार्ड हरवलं असेल, तर आधार, पॅन, पासपोर्ट, वाहन परवाना यांपैकी काहीही दाखवून मत देता येतं. उलटं होत नाही.

नाव नोंदवण्याचे अर्ज पाठ करून ठेवावेत असे मोजकेच आहेत. नवीन नावासाठी नमुना ६. पत्ता बदलला, नावात चूक आहे, कार्ड नवीन हवंय, तर नमुना ८. यादीतल्या नावावर आक्षेप घ्यायचा किंवा ते काढायचं असेल तर नमुना ७. पूर्वी १ जानेवारीला अठरा पूर्ण असणं ही एकच अट होती. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरल्या जातात आणि सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. त्यामुळे बारावीच्या वर्गात जाऊन अर्ज भरून घेणं हे एका दुपारचं काम आहे. ऑनलाइन अर्ज आणि १९५० हा हेल्पलाइन क्रमांक आहेच. तरी गल्लीत खरा उपयोग होतो तो बीएलओचा, म्हणजे मतदान केंद्रनिहाय नेमलेल्या अधिकाऱ्याचा. बहुतेकदा ही एखादी शिक्षिका, अंगणवाडी सेविका किंवा पालिकेतला कारकून असते आणि आपलं मूळ काम सांभाळून ती दारोदार फिरते. तिला बसायला खुर्ची, पाणी आणि कोणत्या मजल्यावर कोण राहतं हे सांगणारा एक माणूस दिला, तर तिचं चार दिवसांचं काम एका दिवसात उरकतं.

यादी वाचणं ही वेगळीच गोष्ट आहे. आम्ही इमारतीखाली टेबल टाकून बसतो तेव्हा समोर यादी भागाची छापील पानं असतात: अनुक्रमांक, कार्ड क्रमांक, नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, घर क्रमांक, वय, लिंग. घर क्रमांकाच्या रकान्यात बऱ्याचदा नुसती रेघ. एकाच घरातले आजोबा एका केंद्रावर आणि नातू रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या केंद्रावर. लग्न होऊन बारा वर्षं झालेल्या लेकीचं नाव अजून माहेरीच. आणि ज्यांच्या वर्षश्राद्धाला आपण जेवून आलो, ते काका यादीत ठणठणीत. अशा नावासमोर शिसपेन्सिलीने खूण करताना घरच्यांना नीट समजावून नमुना ७ भरून घ्यावा लागतो. हे काम हळुवारपणे करायचं असतं, कारण 'माझ्या नवऱ्याचं नाव का खोडताय' असं म्हणणाऱ्या बाईला कायद्याचं कलम ऐकवून चालत नाही.

मुंबईत यादी इतकी विस्कटते याचं मोठं कारण पुनर्विकास. चाळ पडते, माणसं तीन-चार वर्षं भाड्याने डोंबिवली-विरारला जातात, टॉवर उभा राहतो, अर्धी परत येतात, अर्धी येत नाहीत. यादीत मात्र चाळ उभीच असते. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबईत इतक्या लोकांची नावं गायब निघाली की निवडणूक आयुक्त एच. एस. ब्रह्मा यांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली होती. २०२५ च्या नोव्हेंबरात महापालिकेची प्रारूप यादी आली तेव्हा प्रश्न उलट्या बाजूने दिसला. सुमारे १ कोटी ३ लाख नावांपैकी ११ लाखांच्या आसपास नोंदी दुबार असू शकतात, असं आढळलं आणि त्यांच्यापुढे दोन चांदण्यांची खूण केली गेली. यातल्या सगळ्या नोंदी खोट्या होत्या असं नव्हे, सारख्या नावाची दोन वेगळी माणसंही त्यात होती. पण टक्केवारीचा विचार करताना हे लक्षात ठेवायला हवं. छेदात मेलेली, गेलेली आणि दोनदा लिहिलेली नावं जेवढी जास्त, तेवढी टक्केवारी कमी दिसणार. मतदान वाढवायचं तर घोषणांच्या आधी यादी साफ करा, हे माझं ठाम मत त्यातूनच बनलंय.

दुबार नावाचा आणखी एक प्रकार खास आपला आहे. लालबाग-परळपासून दहिसरपर्यंत पसरलेला कोकणातला चाकरमानी. गावच्या ग्रामपंचायतीत भावकीची इज्जत पणाला लागलेली असते म्हणून नाव तिकडे हवं आणि मुलं इथल्या शाळेत म्हणून इकडेही हवं. कायदा सरळ आहे: माणूस जिथे सर्वसाधारणपणे राहतो तिथेच त्याचं नाव असावं, आणि नुसतं गावी घर आहे म्हणून तो तिथला रहिवासी ठरत नाही. दोन्हीकडे नाव ठेवण्यासाठी खोटं लिहून देणं हा गुन्हा आहे. कुणी कुठलं गाव सोडावं हे आम्ही सांगत नाही. दोन्हींतलं एक निवडा एवढंच सांगतो.

भाडेकरू आणि बेघर यांच्याबद्दलचे गैरसमज तर विचारू नका. नोंदणीकृत भाडेकरार, बँक पासबुक, गॅस किंवा विजेचं बिल, यांतला एखादा पुरावा असला की भाडेकरूचं नाव नोंदवता येतं, घर मालकीचं असावं लागत नाही. फुटपाथवर झोपणाऱ्या माणसालाही मताचा हक्क आहे. त्याने अर्जात दिलेल्या जागी तो खरंच झोपतो का, हे बीएलओने रात्री जाऊन बघायचं असतं, कागदोपत्री पत्त्याचा पुरावा मागायचा नसतो. ही तरतूद ठाऊक असलेला कार्यकर्ता एखाद्या पुलाखालच्या दहा-वीस कुटुंबांचं नागरिकत्व कागदावर आणू शकतो.

कुणाला काय विचारायचं

'आमच्या गल्लीतलं गटार तुंबतं' ही तक्रार लोकसभेच्या उमेदवाराला सांगितली, तर तो मान डोलावतो. मत मागायला आलेला माणूस कशाला नाही म्हणेल? पण गटार त्याच्या हातात नाही. मुंबईत सहा खासदार, छत्तीस आमदार आणि दोनशे सत्तावीस नगरसेवक आहेत, आणि तिघांची कामं वेगळी आहेत. पाणी, गटारं, कचरा, बहुतेक रस्ते, पालिकेच्या शाळा, केईएम-नायर-सायन-कूपरसारखी रुग्णालयं हे महापालिकेचं. पोलिस, म्हाडा, झोपडपट्टी पुनर्वसनाचे कायदे हे राज्याचं, म्हणून आमदाराचं. लोकल गाड्या केंद्राच्या, म्हणून प्रश्न खासदाराला.

प्रत्यक्षात मात्र एकाच कामात दोन-तीन हात असतात. अंधेरीच्या गोखले पुलाचं उदाहरण घ्या. २०१८ च्या जुलैत त्याचा पादचारी भाग कोसळला, २०२२ च्या नोव्हेंबरात पूल बंद झाला. रुळांवरच्या भागाशी रेल्वेचा संबंध आणि दोन्ही बाजूंचे पोहोचरस्ते पालिकेचे. २०२४ च्या फेब्रुवारीत एक मार्गिका उघडली तेव्हा शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी तिची उंचीच जुळत नव्हती. अंधेरीतल्या माणसाने यावर मत कुणाला द्यायचं? आमचं म्हणणं असं की मताआधी प्रश्न वाटून घ्यावेत. उंची का चुकली हे नगरसेवकाला, रेल्वेच्या परवानग्या का रखडल्या हे खासदाराला. असा वाटलेला प्रश्न टाळणं अवघड जातं. 'ते आमच्याकडे येत नाही' ही पळवाट बंद होते.

महापालिकेबाबत ही माहिती देणं आता जास्तच गरजेचं झालंय. आधीच्या सभागृहाची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली. प्रभागरचना आणि ओबीसी आरक्षणाच्या वादात निवडणूक अडकली. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ ला आदेश दिल्यावर चक्रं फिरली. जवळपास चार वर्षं सगळा कारभार प्रशासकाकडे होता. २०२५-२६ चा ७४,४२७ कोटींचा अर्थसंकल्प एकाही नगरसेवकाच्या चर्चेशिवाय मंजूर झाला. या काळात अठरा वर्षांचे झालेल्या मुलामुलींनी नगरसेवक काय करतो हे पाहिलेलंच नाही. त्यांना 'मत द्या' सांगण्याआधी हे पद कशासाठी असतं ते सांगावं लागतं.

आणखी एक छोटी गोष्ट. मुंबईत प्रभागात एकच नगरसेवक, म्हणून एकच मत. ठाणे किंवा नवी मुंबईत बहुसदस्यीय पॅनेल, म्हणून एकाच मतदाराला अनेक बटणं दाबायची असतात. टीव्हीवर तिकडचं प्रात्यक्षिक पाहून आलेले आमच्याकडचे ज्येष्ठ गोंधळले होते.

प्रतिज्ञापत्र कसं वाचायचं

उमेदवाराचं पत्रक तो स्वतः लिहितो आणि त्यात हवं ते लिहितो. प्रतिज्ञापत्रही तोच लिहितो, पण शपथेवर. ही सोय आपोआप मिळालेली नाही. अहमदाबादच्या आयआयएममधल्या प्राध्यापकांनी १९९९ मध्ये एडीआर (असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स) ही संस्था काढली आणि न्यायालयात धाव घेतली. २ मे २००२ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की उमेदवाराची फौजदारी प्रकरणं, मालमत्ता आणि शिक्षण जाणून घेणं हा मतदाराचा हक्क आहे. संसदेने कायदा बदलून हा निकाल बोथट करायचा प्रयत्न केला. १३ मार्च २००३ ला न्यायालयाने ती तरतूदही रद्द केली. आज लोकसभा-विधानसभेच्या उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही उतरवून घेता येतात. पालिकेच्या उमेदवारांनाही मालमत्ता आणि गुन्ह्यांची माहिती शपथेवर द्यावी लागते.

पानं बरीच असतात आणि आकडे डोळ्यांपुढे नाचतात. म्हणून आम्ही आधी गुन्ह्यांच्या रकान्यावर जातो आणि तिथे घाई करत नाही. गुन्हा दाखल होणं, न्यायालयाने आरोप निश्चित करणं आणि शिक्षा होणं या तीन फार वेगळ्या पायऱ्या आहेत. 'याच्यावर सात गुन्हे' एवढं ऐकून मत बनवू नये. कलमं बघावीत. जमावबंदी मोडून मोर्चा काढल्याचे, मुंबईत नेहमी दिसणारे महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ आणि १३५ खालचे गुन्हे पाण्यासाठी हंडा मोर्चा काढणाऱ्या बाईवरही असतात. खंडणी, मारहाण, महिलांवरचे अत्याचार, फसवणूक यांची कलमं वेगळी. आरोप निश्चित झालेत का आणि खटला किती वर्षं रखडलाय, हेही तिथेच लिहिलेलं असतं. लोकसभा-विधानसभेच्या कायद्यानुसार दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली तर माणूस अपात्र ठरतो आणि सुटकेनंतर सहा वर्षं लढू शकत नाही. पण नुसत्या आरोपावर तो लढू शकतो, त्यामुळे तिथे मतदारालाच वाचावं लागतं.

मालमत्तेचा रकाना वाचताना मुंबईत एक फसगत होते. पाच वर्षांत संपत्ती दुप्पट झाली, अशी बातमी झळकते. अहो, घाटकोपरमधलं जुनं घर नुसतं जागेवर राहिलं तरी त्याची किंमत वाढते, सोनंही वाढतं. म्हणून एकूण बेरीज बाजूला ठेवा आणि मागच्या निवडणुकीचं प्रतिज्ञापत्र शेजारी ठेवा. नवीन काय घेतलं? कोणत्या वर्षी, किती किमतीला? खरेदीची तारीख आणि तेव्हाची किंमत दोन्ही द्यावी लागतात. त्याच कागदात मागच्या पाच वर्षांचं आयकर विवरणपत्रातलं उत्पन्न असतं. वर्षाला सहा लाख उत्पन्न दाखवणाऱ्याने तिसऱ्या वर्षी दोन कोटींचा गाळा घेतला असेल तर कर्ज, वारसा, जोडीदाराचं उत्पन्न यांपैकी काहीतरी कुठेतरी दिसायला हवं. दिसत असेल तर विषय संपला. नसेल, तर उमेदवारालाच सभ्यपणे विचारा. आरोप करू नका. सरकारशी असलेल्या कंत्राटांचा आणि थकीत सरकारी देण्यांचा तपशीलही असतो, आणि पाणीपट्टी-मालमत्ता कर थकवणाऱ्याला नगरसेवक करायचं का, हा साधा प्रश्न लोकांना चटकन भिडतो.

पुन्हा उभा राहिलेला उमेदवार असेल तर त्याने सभागृहात काय केलं हेही बघता येतं. मुंबईत १९९७ पासून काम करणारी प्रजा फाउंडेशन ही संस्था नगरसेवक आणि आमदारांची प्रगतिपुस्तकं काढते: उपस्थिती, विचारलेले प्रश्न, त्यांचा दर्जा, गुन्हेगारी पार्श्वभूमी, लोकांचं मत. ती उपयोगी आहेत, पण क्रमांकावर थांबू नये असं मला वाटतं. माझ्या प्रभागात रुग्णालयाचा प्रश्न पेटलेला असताना नगरसेवकाने निम्मे प्रश्न चौकांच्या नामकरणावर विचारले असतील, तर त्याच्या दहाव्या क्रमांकाचं मी काय करू? मूळ प्रश्नांची यादी चाळली की माणूस कळतो.

तटस्थ राहणं म्हणजे नेमकं काय

इथे बहुतेक गट फुटतात. सोसायटीचा सेक्रेटरी एका पक्षाचा शाखाप्रमुख, खजिनदाराचा मेहुणा दुसऱ्याचा कार्यकर्ता. कुणालाही मत नसावं, असं म्हणणं खोटेपणाचं होईल. मत असू दे, गटाच्या कामात ते येता कामा नये. त्यासाठी आधीच काही गोष्टी लिहून ठेवाव्या लागतात. कोणत्याही पक्षाकडून पैसे, चहा, छपाई, मंडप घ्यायचा नाही. उमेदवारी मागणाऱ्याने त्याच दिवशी गटातून बाजूला व्हायचं. गटाच्या व्हॉट्सॲपवर उमेदवाराचा व्हिडिओ टाकायचा नाही, मग तो कितीही चांगला असो.

मुंबईत नागरिकांनी स्वतःचा उमेदवार उभा केल्याचं उदाहरणही आहे. २००७ मध्ये जुहूच्या प्रभाग ६३ मधून नागरिकांच्या पाठिंब्यावर अपक्ष लढलेले अडॉल्फ डिसोझा निवडून आले होते. ती मोठी गोष्ट होती आणि मला तिचं कौतुक आहे. पण तो वेगळा मार्ग आहे. एका हाताने स्वतःचा उमेदवार लढवायचा आणि दुसऱ्या हाताने सगळ्यांची तुलना करणारं पत्रक वाटायचं, हे जमत नाही. लोक विश्वास ठेवत नाहीत, आणि त्यांचं बरोबर असतं.

उमेदवारांना एका मंचावर आणणं हा आमच्या कामातला सगळ्यात जिवंत भाग. आचारसंहितेत सभेला परवानगी लागते, म्हणून निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात आणि पोलिस ठाण्यात अर्ज आधीच जातो. बोलावणं सगळ्यांना, मोठ्या पक्षांनाही आणि अपक्षांनाही, एकाच मजकुराच्या पत्राने. बोलायचा क्रम चिठ्ठ्या टाकून, वेळ सगळ्यांना सारखी. जो येत नाही त्याची खुर्ची आम्ही हटवत नाही, फक्त नावाची पाटी ठेवतो आणि त्यावर काही बोलत नाही. घोषणा देणाऱ्याला पहिल्याच घोषणेला बाहेर, तो कुणाचाही असो. प्रश्न आधी लिहून घेतो आणि भाषण होणार नाही असे घासूनपुसून करतो. 'नाल्याबद्दल काय करणार?' यावर पाच मिनिटांचं भाषण मिळतं. 'नालेसफाईचं काम वेळेत झालं की नाही हे तुम्ही कोणत्या कागदावरून तपासणार?' यावर सभागृह शांत होतं. एकदा एका तरुण उमेदवार मुलीने सरळ सांगितलं, "काका, हे मला माहीत नाही, उद्या वॉर्ड ऑफिसमधून विचारून सांगते." टाळ्या सगळ्यात जास्त तिलाच मिळाल्या.

आता सोसायट्यांना न आवडणारी एक गोष्ट. निवडणूक आली की 'इमारतीला रंग काढून देतो', 'आवारात पेव्हर ब्लॉक टाकून देतो', 'सीसीटीव्ही बसवून देतो' असे निरोप येतात आणि बदल्यात 'सोसायटीची एकगठ्ठा मतं' मागितली जातात. कुणाच्या खिशात पैसा गेला नाही, म्हणून यात वावगं काय, असं चांगली माणसंही म्हणतात. भारतीय न्याय संहितेचं कलम १७० वाचा. मताच्या बदल्यात स्वतःसाठी किंवा दुसऱ्या कुणासाठी काहीही लाभ स्वीकारणं म्हणजे लाचखोरी, आणि देणारा-घेणारा दोघेही दोषी. त्याच कलमात हेही आहे की सार्वजनिक धोरणाचं किंवा सार्वजनिक कामाचं आश्वासन हा गुन्हा नाही. म्हणजे 'प्रभागातले सगळे फुटपाथ दुरुस्त करीन' हे चालतं, 'तुमच्या बी विंगला रंग देतो' हे चालत नाही. वार्षिक सभेत हे कलम मराठीत मोठ्याने वाचून दाखवलं की चर्चा पुष्कळ शांत होते. लोकसभा-विधानसभेच्या वेळी असे प्रकार निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल या तक्रार सुविधेवर फोटोसह कळवता येतात.

'नोटा'बद्दल, म्हणजे 'वरीलपैकी कुणीही नाही' या बटणाबद्दल, नेहमी विचारतात. लोकसभा-विधानसभेत नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी त्याखालोखाल मतं मिळवणारा उमेदवारच निवडून येतो. महाराष्ट्राच्या स्थानिक निवडणुकांत मात्र राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये आदेश काढला की नोटा पहिल्या क्रमांकावर आला तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यायची. दुसऱ्यांदाही तसंच झालं, तर उमेदवारांमध्ये सर्वाधिक मतं मिळवणारा विजयी. आणि केंद्रावर गेल्यावर आपल्या नावाने आधीच कुणी मत देऊन गेलेलं आढळलं तर भांडून परत येऊ नका. ओळख पटवून टेंडर्ड व्होट, म्हणजे अशा वेळी द्यायचं वेगळं मत, मागा. वेगळी मतपत्रिका मिळते आणि ती स्वतंत्र लिफाफ्यात ठेवली जाते.

निकालानंतर

मत दिल्यावरची पाच वर्षं हातात घेण्यासाठी मुंबईत जुनी परंपरा आहे. घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी नव्वदच्या दशकात आपल्या गल्लीच्या सफाईची जबाबदारी घेतली आणि त्यातून एएलएमची (ॲडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट), म्हणजे रहिवाशांनी पालिकेसोबत आपल्या परिसराची निगा राखण्याची पद्धत शहरभर गेली. १९९९ मध्ये अग्नी ही नागरिकांची चळवळ सुरू झाली, त्यात शहर आतून पाहिलेले निवृत्त सनदी अधिकारी होते. २०१५ मध्ये विकास आराखड्याचा मसुदा आला तेव्हा हजारो मुंबईकरांनी हरकती घेतल्या. वस्त्यावस्त्यांत नकाशे टेबलावर पसरून लोक स्वतःची शाळा, देऊळ, मैदान शोधत होते आणि ते चुकीचं दाखवलंय हे लिहून देत होते. एप्रिलमध्ये सरकारला तो मसुदा बाजूला ठेवून नव्याने करायला सांगावं लागलं.

हरकती आणि सूचना हे हत्यार आपण फारच कमी वापरतो. प्रभागाच्या सीमा ठरताना, प्रारूप मतदार यादी आल्यावर, आराखड्यात बदल होताना त्यांची मुदत असते आणि ती बातमी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर येते. प्रत्येक गटात ही तारीख टिपून ठेवणारा एक माणूस असलाच पाहिजे. पेन्शनीत गेलेला बँकेतला एखादा गृहस्थ यासाठी उत्तम.

७४ व्या घटनादुरुस्तीने मोठ्या शहरांत प्रभाग समित्या आणल्या. त्यापुढे जाऊन महाराष्ट्राने २००९ मध्ये क्षेत्रसभेची तरतूद केली: ग्रामसभेसारखी शहरातल्या मतदारांची सभा. कागदावर ती आहे, मुंबईत भरताना दिसत नाही. मला ही गोष्ट फार खटकते. गावातला माणूस ग्रामसभेत उठून सरपंचाला हिशेब विचारू शकतो आणि मुंबईतल्या माणसाला नगरसेवकाच्या ऑफिसबाहेर रांग लावावी लागते.

कायदा प्रत्यक्षात येईपर्यंत काय करायचं, तर सोपी सुरुवात आहे. नगरसेवकाला तीन महिन्यांतून एकदा सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा पालिकेच्या शाळेत बोलवा. मागच्या बैठकीत काय ठरलं ते आधी वाचा, मग नवीन प्रश्न. प्रत्येक प्रश्नापुढे पालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवर केलेल्या तक्रारीचा क्रमांक लिहा, म्हणजे 'कुणी कळवलंच नाही' असं म्हणता येत नाही. जिथे कागद हवा तिथे दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज, उत्तराला तीस दिवस. नोंदवहीत तारीख, प्रश्न, कोणी काय कबूल केलं आणि कुणाची सही एवढेच रकाने ठेवा. पुढच्या निवडणुकीत तोच नगरसेवक उभा राहिला तर ही वही मंचावर ठेवा, आणि नवीन माणूस निवडून आला तर पहिल्या बैठकीला तीच त्याच्या हातात द्या.